किती तास लागले?

व्यवस्थापनाच्या वर्गात नियोजनाची जी व्याख्या शिकवतात ती साधारण अशी असते: समोर चार पर्याय असावेत, त्यांचा नफातोटा मांडावा आणि सोयीचा तो निवडावा. मुंबईतला चाकरमानी गणपतीला गावी जाण्याचे जे नियोजन करतो त्याला ही फूटपट्टी लावायला गेले तर ती पहिल्याच घरात अडकते. तारीख पंचांगाने ठरवून टाकलेली असते. जायचे कुठे, तर पणजोबाने जिथे घराचा चौथरा बांधला तिथेच. गणपती दीड दिवसाचा, पाच दिवसांचा की गौरीबरोबर जाणारा, हेही त्याच पणजोबाने कधीतरी नवस बोलून किंवा खर्चाला घाबरून ठरवलेले. आता ते बदलू म्हटले तर आधी भटजी आणि मग चुलता आडवा येतो. बरोबर कोण येणार हे जन्माने आणि लग्नाने ठरते. वाट सह्याद्री आणि समुद्र यांनी मिळून ठरवली आहे. दोघांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत एक रस्ता आणि एक रेल्वे मावली, तेवढीच. म्हणजे निवडण्यासारखे काही म्हणून उरलेले नाही. तरीही निदान तीन महिने, कुटुंबातली झाडून सारी डोकी, फोनवर, दारात, लोकलमध्ये आणि रात्री साडेअकराला हे नियोजन करत असतात. एवढी बुद्धी खर्च होते ती कशावर? रूढ समजूत अशी की गावी सुखरूप आणि लवकर पोहोचण्यावर. माझे म्हणणे वेगळे आहे. हे सगळे नियोजन पुरेसे हाल होऊन पोहोचण्यासाठी असते. हे विधान थोडे चहाटळ वाटेल, पण पुरावा सगळा त्याच बाजूचा आहे.

सुरुवात दिनदर्शिकेपासून होते. इतर लोक नवे कॅलेंडर आणून आपला वाढदिवस कोणत्या वारी येतो ते बघतात. कोकणातला माणूस थेट भाद्रपद उघडतो. ‘कालनिर्णय’ सुरू करणारे जयंतराव साळगावकर मूळचे मालवणचे होते हा योगायोग असेल, पण तो फारच समजूतदार योगायोग आहे. एकदा चतुर्थी सापडली की तिथून उलटी मोजणी. २०२४ च्या ऑक्टोबरपर्यंत रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. चतुर्थी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात असली तर हा दिवस मेमध्ये पडायचा. म्हणजे आंबे खायला गावी आलेला माणूस गावातल्याच टेकडीवर मोबाइलची रेंज शोधत चार महिन्यांनी परत गावी येण्याचे तिकीट काढायचा. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. त्यामुळे लोकांचा घोर निम्म्यावर येईल अशी रेल्वेची अपेक्षा असावी. घोर तेवढाच राहिला, फक्त तो अर्ध्या जागेत कोंबावा लागला. त्यातही चतुर्थी एका जागी थांबत नाही. साध्या वर्षी ती दहा-बारा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की एकदम पुढे उडी मारते: २०२५ साली २७ ऑगस्ट, तर २०२६ साली जेठात अधिक महिना घुसल्यामुळे १४ सप्टेंबर. अधिक मासाचे माहात्म्य पोथीत काय सांगितले आहे ते वाचणारे वाचोत. चाकरमान्याला त्याचे एकच फळ ठाऊक आहे, ते म्हणजे मुलांची घटक चाचणी आणि गणपती यंदा एकमेकांवर आदळणार की नाही.

मग तो दिवस उजाडतो. सकाळी आठला खिडकी उघडते, आणि ही खिडकी आता फोनमध्ये असल्यामुळे घरातले सहा जण सहा फोन घेऊन सहा कोपऱ्यांत बसलेले असतात, कारण एका खोलीत बसले तर वाय-फाय वाटला जातो असा एका भाच्याचा शोध आहे. आठ वाजून दोन मिनिटांनी सहाही जणांना प्रतीक्षा यादीतले तीन आकडी क्रमांक मिळतात. त्यानंतर तीही यादी भरते आणि पडद्यावर ‘रिग्रेट’ हा शब्द येतो. जनतेची इतक्या थोडक्यात आणि इतक्या नियमाने माफी मागणारे दुसरे सरकारी खाते माझ्या पाहण्यात नाही. आता कोणी म्हणेल, गाड्या कमी आहेत म्हणून असे होते. आकडे बघू. रेल्वेने गणपतीसाठी सोडलेल्या विशेष गाड्यांच्या फेऱ्या २०२३ साली ३०५ होत्या, २०२४ साली ३५८ आणि २०२५ साली ३८०. दरवर्षी फेऱ्या वाढतात आणि दरवर्षी यादी तितक्याच मिनिटांत भरते. शिवाय विशेष गाडीचे विशेषपण तिच्यात बसल्यावर कळते. कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांश एकेरी आहे आणि पावसाळ्यात वेगही कमी ठेवावा लागतो, म्हणून समोरून कोणी येत असले की ही गाडी बाजूला उभी राहते. तिच्यापुढे कोकणकन्या जाते, मांडवी जाते, मालगाडीसुद्धा जाते. आत बसलेला माणूस मात्र चिडत नाही. घड्याळ बघून, ‘दोन तास लेट’ हे तो गावच्या ग्रुपवर टाकतो, आणि ते टाकतानाचा त्याचा चेहरा तक्रारीचा नसतो. परीक्षेत पेपर चांगला गेलेल्या मुलाचा असतो. माझ्या विधानाचा हा पहिला पुरावा.

रस्त्याने जाणाऱ्यांची तयारी आणखी खोल असते. मुंबई–गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणाला २०११ साली सुरुवात झाली. त्या साली जन्मलेले मूल दरवर्षी मागच्या सीटवर बसून ‘रस्ता कधी होणार’ हे विचारत मोठे झाले. आता विचारायचे सोडून दिले, यालाच आपण समज येणे म्हणतो. या महामार्गाविषयी जेवढे मार्गदर्शन मौखिक परंपरेने उपलब्ध आहे तेवढे ज्ञानेश्वरीवरसुद्धा नसेल. पेणला पहाटे चारच्या आत काढायचे, वडखळला चहाला थांबायचे नाही, माणगावच्या बाजारात अडकलात तर मारुतीस्तोत्र म्हणायचे. दुसरा पंथ पुण्यावरून जाणाऱ्यांचा. त्यांचे भांडण घाटावरून असते: कराडवरून कुंभार्ली उतरावा, कोल्हापूरवरून आंबा, की आणखी खाली जाऊन गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली. वरंध्याचे नाव काढणाऱ्याला गप्प बसवले जाते, कारण तो पावसात बहुधा बंद असतो. शंभर-दीडशे किलोमीटरचा वळसा घालून ‘आम्ही ट्रॅफिक चुकवले’ असे सांगणारा हा पंथ शेवटी घाट उतरून त्याच महामार्गावर येतो आणि पहिल्या पंथाच्या मागे उभा राहतो. कशेडीला बोगदा झाल्यापासून मात्र दोन्ही पंथांत थोडी हळहळ आहे. जो घाट सांगायला पूर्वी पाऊण तास लागायचा तो आता काही मिनिटांत मागे पडतो; एक आख्खा अध्याय गेला.

सरकारचा या सोहळ्यात सहभाग असतो, तो पासच्या रूपाने. गणपतीला जाणाऱ्या गाड्यांना टोलमाफी मिळते आणि तिच्या स्टिकरवर ‘कोकण दर्शन’ असे लिहिलेले असते. माणूस निघालेला असतो स्वतःच्या घरी, जिथे त्याची नाळ पुरलेली आहे आणि पडवीचे वासे बदलायचे राहिले आहेत. पण कागदोपत्री तो दर्शनाला चाललेला पर्यटक ठरतो. वर्षातून एकदा सहा दिवस जो आपले घर बघतो त्याला दुसरे काय म्हणणार, असा बारीक चिमटा त्यात असेल तर तो लिहिणाऱ्या कारकुनाला दाद दिली पाहिजे. २०२५ साली तर आणखी एक सुधारणा झाली: सरकारी कागदांत ‘चाकरमानी’ हा शब्द न वापरता ‘कोकणवासीय’ म्हणावे असे ठरले. जो कोकणात राहत नाही म्हणूनच ज्याचा एवढा खटाटोप चालतो, त्याचे नाव कोकणवासीय. रस्त्याच्या मानाने हे काम बरेच वेगाने पूर्ण झाले.

आता मुख्य पुराव्याकडे येतो. हाल टाळण्याची खरी सोय समोर ठेवली तर चाकरमानी काय करतो? त्याच २०२५ साली कोकण रेल्वेने मोटारी रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा गणपतीसाठी सुरू केली. मालट्रक या मार्गावर १९९९ पासून असे जात होते, आता मोटारींची पाळी. कोलाडला गाडी चढवायची, बारा तासांनी गोव्यात वेर्ण्याला उतरवायची, भाडे ७,८७५ रुपये, माणसे जास्तीत जास्त तीन. चाळीस मोटारींची जागा असलेल्या या गाडीला पहिल्या फेरीत मोजकीच गिऱ्हाइके मिळाली. टीकाकारांनी कारणे सांगितली आणि ती सगळी बरोबर आहेत. कोलाडपर्यंत पोहोचायचे म्हणजे महामार्गाचा सर्वांत नामांकित भाग स्वतःच काढायचा. मग कणकवलीचे घर डोळ्यांदेखत मागे टाकून गोव्यात उतरायचे आणि उलटे यायचे. शिवाय सात जणांच्या गाडीतल्या चौघांनी काय करायचे याचे उत्तर वेळापत्रकात नव्हते. पुढे नांदगावचा थांबा देऊन रेल्वेने चूक दुरुस्तही केली. पण माझ्या मते खरे कारण याहून खोल आहे. आपली मोटार मालगाडीवर बांधून आपण शेजारच्या डब्यात बारा तास झोपलो, ही हकीकत गावी जाऊन सांगायची कशी? त्यात नायकच नाही. विमानाचेही तेच. सिंधुदुर्गाला २०२१ पासून चिपीचा विमानतळ आहे आणि सीमेपलीकडे मोपा. तरी विमानाने आलेला माणूस अंगणात बॅग ठेवतो तेव्हा त्याला पाणी देतात, चहा देतात, पण त्याच्याभोवती कोणी जमत नाही.

हालांची ही किंमत कुठून येते ते कळायला घराच्या आत जावे लागते. कोकणातले गणपतीचे घर बहुतेक वेळा एकाचे नसते. सातबाऱ्यावर अकरा नावे असतात, पैकी दहा मुंबई, ठाणे, पुणे, कल्याण-डोंबिवली अशी विखुरलेली आणि एक गावात. गणपतीचा खर्च पाळीने फिरतो, पण काम पाळीने फिरत नाही. ते त्या गावातल्या एकाकडे असते. श्रावणात पाट चित्रशाळेत नेऊन देणारा तोच. अंगणातले कमरेएवढे गवत काढणारा, बंद खोल्यांची कुलपे तेल घालून उघडणारा, रानात हिंडून माटवीला बांधायला फळे, कवंडळे आणि हरणाचे फूल शोधून आणणारा तोच. त्याच्या या कष्टांसमोर मुंबईकराच्या तागडीत टाकायला काय आहे? पैसे पाठवलेले असतात, पण पैशाचा उल्लेख केला की कौले शाकारण्याचा जुना हिशेब निघतो. दिव्यांच्या माळा आणि नवे मखर आणलेले असते, पण त्यावर वहिनीचे मत पडायचे असते. राहतो तो प्रवास. म्हणून मुंबईकर पडवीत पाऊल टाकतो तेव्हा ‘कदी इलंस?’ नंतरचा पहिला प्रश्न ‘किती तास लागले?’ हा असतो, आणि त्याच्या उत्तरावर पुढच्या सहा दिवसांचे हवामान ठरते. नऊ तास म्हणणारा माणूस संध्याकाळी पाणी शेंदायला लागलेला दिसेल. चौदा तासवाल्याला अंघोळीला गरम पाणी मिळते. ज्याला बावीस तास लागले त्याला दुपारी कोणी उठवत नाही, आणि मे महिन्यात विहिरीच्या पंपाचे पैसे का दिले नाहीत हे विचारण्याची त्या सालापुरती कोणाची छाती होत नाही. हे चलन आहे, आणि प्रत्येक चलनाप्रमाणे यातही खोटी नाणी चालतात: पनवेलला मेहुण्याकडे तीन तास झोप काढलेली असते, तेही तास ट्रॅफिकच्या खात्यावर जमा होतात.

यावर आक्षेप येतील. पहिला व्यवहारी माणसाचा: आठवडाभर आधी जावे, गर्दीच लागणार नाही. बरोबर आहे. पण आठवडाभर आधी गेलेल्याच्या हातात पहिल्या दिवशी कोयती येते आणि तो गवतात जातो, हे वर सांगितलेच आहे. शिवाय रजा मोजून मिळते आणि आजी कितव्यांदा वारली याची नोंद ऑफिसात कोणीतरी ठेवत असतो. दुसरा आक्षेप पुरोगामी माणसाचा: देव सगळीकडे आहे, गणपती मुंबईत बसवा. मुंबईत गणपतीची टंचाई नाही हे खरे. लालबागचा राजाच १९३४ पासून बसतो. पण चूल वेगळी होत नाही तोवर घराण्याचा गणपती एक, ही समजूत पक्की आहे, आणि मुंबईत वेगळा गणपती आणला याचा अर्थ गावाकडे ‘वाटणी मागतो आहे’ असा लावला जातो. वनरूम किचनमध्ये आणलेली एक वितीची मूर्ती दिवाणी कोर्टापर्यंत जाऊ शकते. विलायतेतली मंडळी त्या मानाने मोकळी. पेणहून त्यांच्यासाठी मूर्ती कितीतरी आधी जहाजाने निघते आणि चतुर्थीच्या आत सातासमुद्रापार पोहोचलेली असते. तिच्या कारखान्यासमोरून ऐन चतुर्थीच्या आदल्या रात्री आपल्या गाड्यांची रांग इंचाइंचाने सरकत असते.

तिसरा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला विनोदाने उडवून लावणे बरे नव्हे. कोणी म्हणेल, रस्ता पंधरा वर्षे रखडतो, माणसे लेकराबाळांसह खड्ड्यांतून जातात, दिवा–सावंतवाडीला दारात लटकतात, खासगी बसवाले एस.टी.च्या दीडपटीहून जास्त भाडे घ्यायचे नाही हा नियम काचेला चिकटवून तिप्पट मागतात, आणि तुम्ही म्हणता त्यांना हाल हवेच असतात? हाल कोणालाच नको असतात, हे मी मान्य करतो. पण नको असलेली गोष्ट चुकतच नाही असे दिसले की माणूस तिला कामाला लावतो, आणि कोकणी माणसाने तेच केले आहे. गोम एवढीच की हे ज्यांना कळायला नको होते त्यांना ते अचूक कळले. भाद्रपदात सोसलेले पितृपक्षापर्यंत कौतुकाच्या गोष्टीत जमा होते आणि मतदानापर्यंत टिकत नाही, हे पुढाऱ्यांना पाठ आहे. म्हणून रस्त्याऐवजी मोफत बस येते. तिच्या काचेवर गणपतीपेक्षा मोठा फोटो असतो, ती निघताना नारळ फुटतो, भगवा झेंडा दाखवतात, आणि तीच बस चार तासांनी त्याच खड्ड्यात उभी असते ज्याची मुदत तिच्या काचेवरच्या साहेबांनी गेल्या गणपतीत दिली होती. आतले प्रवासी भजन म्हणत असतात. एस.टी. महामंडळ बिचारे फोटोशिवाय पाच हजार जादा गाड्या सोडते, ग्रुप बुकिंग केले तर थेट वाडीच्या तिठ्यापर्यंत आणून सोडते. तिच्या नावाने आरती कोणी म्हणत नाही.

तरी कोणाला शंका असेल तर शेवटचा पुरावा परतीचा. परतताना तोच रस्ता असतो, तीच एकेरी रेल्वे, गौरी गेल्या की सगळे एकाच रात्री निघतात म्हणून गर्दी उलट जास्त. डिकीत उकडे तांदूळ, कुळथाचे पीठ, आमसुले, खाजे आणि सोललेले नारळ असल्यामुळे गाडीही जड. हाल कुठेच कमी नाहीत. पण परतीला किती तास लागले हे कोणी विचारत नाही, कोणी सांगतही नाही, कारण मुंबईत ते नाणे चालत नाही. ऑफिसात साहेब विचारतो ते एवढेच की काल फोन का लागत नव्हता. आणि म्हणूनच परतीचे नियोजनही कोणी करत नाही. पाणवठ्यावर मूर्ती पोहोचेपर्यंत निम्म्यांची तिकिटे प्रतीक्षा यादीत असतात आणि त्याची कोणाला लाजही वाटत नसते. तिथे सगळे दुसऱ्याच हिशेबात असतात. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ ही आरोळी बाकीच्या महाराष्ट्रात भक्तीची असते. इथे ती म्हणता म्हणता कोणीतरी ओल्या हाताने फोन काढतो. २०२७ ला चतुर्थी ४ सप्टेंबर, म्हणजे दहा दिवस लवकर येणारच आहे. वार शनिवार. हरतालिका शुक्रवारी, तर निघायचे गुरुवारी रात्री. त्याआधी साठ दिवस म्हणजे ४ जुलै, आणि तो रविवार निघतो. रविवार म्हटल्यावर गुडघाभर पाण्यात उभे असलेले चौघे भाऊ एकमेकांकडे बघतात: त्या दिवशी सकाळी आठला सगळेच घरी असतील.